आधी ‘पार्लारे’ चालवून दाखवा

इटालियनचे पेपर तपासून झाले आहेत. गठ्ठा इथे टेबलावर आहे, पण तो मी आत्ता वाटणार नाही. आधी ऐकून घ्या.

‘आन्दारे’ची रूपं चुकली असती तर मी एक शब्द बोलले नसते. ‘जाणे’ या अर्थाच्या या क्रियापदाचं ‘मी’बरोबर ‘वादो’ होतं, हे कुणाला आपणहून सुचणार नाही. ते सांगावं लागतं, विसरलं जातं, पुन्हा सांगावं लागतं. ‘बाहेर पडणे’ या अर्थाच्या ‘उशीरे’चं ‘एस्को’ होतं, तिथे कुणी अडखळलं तर तेही समजून घेता येतं. पण तुम्ही चुकलात कुठे? ‘पार्लारे’त, ‘चेर्कारे’त, ‘कापीरे’त. बोलणे, शोधणे, समजणे. नियमित क्रियापदं! यांचा नियम पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून दिला होता, तुम्ही तो सुवाच्य अक्षरात उतरवूनही घेतला होता. अनियमित क्रियापद चुकलं तर माहीत नव्हतं असं म्हणता येतं. नियमित चुकलं तर त्याचा अर्थ एवढाच, की माहीत असून तुम्ही पाट्या टाकल्यात.

आणि वर मलाच विचारता, ‘मॅडम, वर्तमानकाळ झाला ना, आता कॉन्जुन्तीवो घ्या, सिनेमातलं बोलणं घ्या.’ चार ‘चाओ’ आणि एक ‘आन्द्यामो’ एवढ्या भांडवलावर अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मंडळी मी बरीच पाहिली आहेत. मिलानला उतरल्यावर घरमालकाशी बोलताना त्यांचं इटालियन दुसऱ्या वाक्याला संपतं आणि इंग्रजी सुरू होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून मी घसा कोरडा करते आहे.

पुन्हा सांगते. पेन खाली ठेवा, नुसतं ऐका. जवळजवळ सगळी इटालियन क्रियापदं मूळ रूपात ‘आरे’, ‘एरे’ किंवा ‘ईरे’ अशी संपतात. लॅटिनमध्ये चार गट होते, त्यांचे इथे तीन उरले. पार्लारे, प्रेन्देरे, दोर्मीरे. हा शेवट काढायचा आणि राहिलेल्या धातूला प्रत्यय लावायचा. ‘मी’चा प्रत्यय ‘ओ’, ‘तू’चा ‘ई’, ‘आम्ही’चा ‘यामो’, आणि हे तिन्ही प्रत्यय तिन्ही गटांत सारखेच. म्हणजे सहांतली तीन रूपं इथेच संपली. यातला ‘यामो’ तर फ्लॉरेन्सने तुमच्यावर केलेला उपकार आहे. इटलीतल्या कितीतरी बोलींमध्ये प्रत्येक गटाचा ‘आम्ही’ वेगळा आहे, ‘आमो’, ‘एमो’, ‘ईमो’. फ्लॉरेन्सच्या बोलीने ‘यामो’ सरसकट लावला आणि प्रमाण इटालियन त्या बोलीवर उभी राहिली. आता उरलं काय? ‘तो’ आणि ‘ती’साठी पहिल्या गटात ‘आ’, बाकी दोन्हींत ‘ए’. ‘तुम्ही’साठी मूळ रूपातलाच स्वर ठेवून ‘आते’, ‘एते’, ‘ईते’. ‘ते’साठी पहिल्या गटात ‘आनो’, बाकी दोन्हींत ‘ओनो’. एवढ्यावर हजारो क्रियापदं चालतात. बहुसंख्य क्रियापदं पहिल्या गटातली आहेत आणि आज नव्याने येतात तीही मुकाट्याने त्याच गटात जाऊन बसतात. चॅट करणं ‘चात्तारे’, पोस्ट करणं ‘पोस्तारे’, क्लिक करणं ‘क्लिक्कारे’.

इतकं सरळ असून पेपरांत ‘पार्लोनो’ आणि ‘प्रेन्दानो’ यांचा सुळसुळाट आहे. ‘पार्लोनो’ असं प्रमाण रूपच नाही. ‘प्रेन्दानो’ आहे, पण ते कॉन्जुन्तीवोचं, म्हणजे इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपांतलं. जो शिकवा म्हणून माझ्यामागे लागला होतात, तो तुम्ही न कळता लिहून मोकळे झालात!

याला बारीकसारीक चूक म्हणू नका. इटालियनमध्ये कर्ता बहुतेक वेळा बोलतच नाहीत. ‘पार्लो’ म्हटलं की मी बोलते हे कळलं. कोण बोलतंय, कोण झोपतंय, कोण पैसे देतंय, ही सगळी माहिती शेवटच्या त्या एका स्वरात असते आणि नेमका तोच तुम्ही गिळता. मग अर्थ निसटू नये म्हणून पुढे ‘इयो’ चिकटवता. ‘इयो पार्लो, इयो मान्जो, इयो आबितो’, निबंधातलं एकही वाक्य ‘इयो’शिवाय सुरू होत नाही. इटालियन कानाला ते ‘मीच बोलते, मीच खाते, मीच राहते’ असं ऐकू येतं. आपण मराठीत ‘येते हं’ म्हणून उंबरा ओलांडतो. ‘कुठे चाललास?’ यात ‘तू’ कुठे आहे? क्रियापदाच्या शेवटावरून माणूस ओळखायची सवय तुम्हाला पाळण्यापासून आहे. ती बाजूला ठेवून तुम्ही इंग्रजीच्या चष्म्यातून इटालियन वाचता, हे मला सगळ्यांत जास्त खुपतं.

सहा रूपं फार होतात, अशीही एक तक्रार कानावर आली. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात ही रूपं शाळेत जायच्या आधी ज्यांच्या तोंडात बसली, त्यांनी ही तक्रार करावी? आपल्या वर्तमानकाळात पुरुष आहे, वचन आहे आणि शिवाय लिंग आहे. इटालियन वर्तमानकाळात लिंग नाही. ‘पार्ला’ म्हणजे तो बोलतो आणि ती बोलते. तुम्हाला अवघड ते घरी मिळालं आणि सोपं ते इथे मिळतंय, तरी रडगाणं सुरूच.

लिंग येतं ते भूतकाळात, ‘एस्सेरे’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर चालणाऱ्या क्रियापदांत. तुमच्यातल्या एकीने लिहिलं आहे, ‘सोनो आर्रिवातो’. तुम्ही मुलगी आहात, तुम्ही ‘आर्रिवाता’. घरी फोन करून ‘आई, मी पोचलो’ म्हणता का? (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, तो त्यांच्या बोलीचा रीतसर नियम आहे. तुमचा तसा काही नियम नाही, तुमचा निष्काळजीपणा आहे.) दुसऱ्या एकाने ‘ओ स्पेदीता ला लेत्तेरा’ लिहिलं. ही चूक मला थोडी तरी समजते, कारण ती मराठीतून आली आहे. ‘मी चिठ्ठी पाठवली’ म्हणताना आपलं क्रियापद चिठ्ठीच्या मागे जातं. इटालियनमध्ये ‘आवेरे’ या दुसऱ्या साहाय्यक क्रियापदाबरोबर तसं होत नाही, तिथे ‘ओ स्पेदीतो ला लेत्तेरा’च. पण चिठ्ठीच्या जागी सर्वनाम आलं आणि ते क्रियापदाच्या आधी बसलं, की ‘लो स्पेदीता’ होतं, अगदी आपल्या ‘पाठवली’सारखं. इंग्रजीतून शिकणारा माणूस या जागी हमखास घसरतो. तुम्हाला तिथे पाय रोवून उभं राहता यायला हवं.

आता ‘कापीरे’. पेपरात ‘इयो कापो’ असं लिहिलेलं वाचून मी पेन खाली ठेवलं. ‘कापो’ म्हणजे डोकं, किंवा ऑफिसातला साहेब. ‘मला समजतं’ हे ‘कापिस्को’. तिसऱ्या गटात दोन पोटगट आहेत. एक ‘दोर्मीरे’सारखा साधा, दुसरा ‘कापीरे’, ‘फिनीरे’, ‘प्रेफेरीरे’, ‘पुलीरे’, ‘स्पेदीरे’ यांचा. या दुसऱ्यात धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘इस्क’ येतो. कापिस्को, कापिशी, कापिशे, कापिस्कोनो. पण ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’मध्ये तो येत नाही. काप्यामो, कापीते. का येत नाही, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर पाठ करायचं ओझं निम्मं झालं असतं. साध्या क्रियापदात ‘मी, तू, तो, ते’ या चार रूपांत आघात धातूवर असतो आणि ‘आम्ही, तुम्ही’मध्ये तो प्रत्ययावर सरकतो. ‘इस्क’ नेमका त्या चार रूपांत येतो आणि आघात स्वतःवर घेतो. ‘आम्ही, तुम्ही’मध्ये आघात प्रत्ययावर आधीच आहे, तिथे त्याचं काय काम? आणि कुठल्या क्रियापदाला ‘इस्क’ लागतो हे ओळखायची एक ढोबळ खूण आहे. मूळ रूपाचं रोमन लिपीतलं शेवटून पाचवं अक्षर बघायचं. ते स्वर असेल तर बहुधा लागतो, व्यंजन असेल तर बहुधा लागत नाही. ‘कापीरे’त तिथे ‘ए’ आहे, ‘दोर्मीरे’त ‘आर’. ‘कोस्त्रुईरे’सारखी काही क्रियापदं ही खूण मोडतात. शंका आली की शब्दकोश उघडा, तो ‘मी’चं रूप छापतो. अंदाजाने ‘दोर्मिस्को’ लिहून वेळ मारून नेऊ नका.

आघाताचा विषय निघालाच आहे तर पुढचं ऐका. लेखी पेपरात आघात दिसत नाही म्हणून तुम्ही सुटला नाहीत. वर्गात तुम्ही वाचता तेव्हा माझ्या कानाला इंगळ्या डसतात. ‘पार्लानो’ या रूपात आघात ‘पार्’वर आहे. ‘आबितानो’मध्ये तो पहिल्या ‘आ’वर आहे, पुढची तीन अक्षरं हलकेच उरकायची. ‘तेलेफोनानो’मध्ये तो ‘ले’वर. ‘ते’चं रूप आघाताच्या बाबतीत ‘तो’च्या रूपामागे जातं, यापलीकडे यात काही नाही. आधी ‘आबिता’ म्हणा, आघात कुठे पडला ते बघा आणि तो न हलवता ‘नो’ जोडा. तुम्ही म्हणता ‘आबिताऽनो’. का म्हणता तेही मला माहीत आहे. वहीच्या समासात देवनागरीत उच्चार लिहून ठेवता. त्यातला ‘ता’ आपल्या लिपीत दीर्घ दिसतो, मग जीभ तो लांबवते. देवनागरीत लिहायचंच असेल तर आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा. नाहीतर लिहू नका.

‘चेर्कारे’चं सांगते. ‘तू शोधतोस’ हे ‘चेर्की’. निम्म्या वर्गाने ते ‘चेर्ची’ होईल असं लिहिलं आहे. ‘सी’पुढे ‘आय’ आला की इटालियनमध्ये त्याचा ‘च’ होतो, म्हणून मध्ये ‘एच’ घालावा लागतो. ‘पागारे’चं ‘पागी’ करताना ‘जी’नंतर ‘एच’ याच कारणाने, आणि ‘आम्ही’च्या रूपातही तसंच. पहिला गट धातूचा ध्वनी सांभाळतो, त्यासाठी लेखन बदललं तरी चालतं. हे ऐकून एका उत्साही गृहस्थांनी ‘लेज्जेरे’तही ‘एच’ घुसवला! दुसरा गट बरोबर उलटा वागतो. तिथे लेखन तसंच राहतं आणि ध्वनी बदलतो. लेग्गो, लेज्जी, लेज्जे, आणि शेवटी लेग्गोनो. ‘विन्चेरे’चं विन्को, विन्ची, विन्कोनो. डोळ्यांनी शिकणाऱ्याला पहिला गट फसवतो, कानाने शिकणाऱ्याला दुसरा. म्हणून दोन्ही उघडे ठेवा.

सगळ्यांत लाजिरवाणा भाग संवादलेखनाचा आहे. पोस्टाच्या खिडकीवरच्या वयस्कर बाईंशी संवाद लिहा, असा प्रश्न होता. बहुतेकांनी त्यांना ‘वोई’ केलं, कारण आपल्याकडे ‘तुम्ही’ अनेकांना चालतं आणि एका आदरणीय माणसालाही चालतं. इटालियनमध्ये एका व्यक्तीला आदराने ‘लेई’ म्हणतात आणि क्रियापद ‘ती’चं लावतात. दक्षिणेत काही ठिकाणी वडीलधाऱ्यांना ‘वोई’ म्हणतात, ते तिथलं. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये ‘लेई’ हद्दपार करून ‘वोई’ लादला होता. राजवट गेली आणि ‘लेई’ परत आला. जे सक्तीने टिकलं नाही, ते तुमच्या आळसाने रूढ होणार नाही.

आणि ज्यांनी ‘लेई’ लिहिलं, त्यांनी पुढच्याच ओळीत त्या बाईंना ‘स्कूझा’ म्हटलं. ‘स्कूझा’ हे मित्राला. बाईंना ‘स्कूझी’. ‘ऐक’ म्हणायला ‘सेन्ती’, ‘ऐका’ म्हणायला ‘सेन्ता’. बघा काय झालं. पहिल्या गटात आदरार्थी आज्ञेला ‘आ’चा ‘ई’ होतो, बाकी दोन्हींत ‘ई’चा ‘आ’. स्वरांची अदलाबदल, बस्स. ही अदलाबदल चुकली की इटालियन माणूस हसतो, आणि उगाच हसत नाही. १९७५ च्या ‘फान्तोत्सी’ या चित्रपटात कारकून मंडळी टेनिस खेळतात आणि सर्व्हिस करा असं आदराने सांगताना ‘बात्ता’च्या जागी ‘बात्ती’ म्हणतात. ‘बात्तेरे’ हे पूर्ण नियमित क्रियापद आहे. त्या एका स्वरावर अख्खा देश इतकी वर्षं हसतो आहे. पुच्चिनीचा ‘तुरान्दोत’ हा ऑपेरा १९२६ मध्ये मिलानच्या ‘ला स्काला’त पहिल्यांदा झाला. त्यातलं ‘नेस्सुन दोर्मा’ तुम्ही फोनवर ऐकता, पावारोत्तीच्या आवाजात माना डोलावता. ते ‘दोर्मे’ नाही, ‘दोर्मा’ आहे. कुणी झोपू नये, अशी ती आज्ञा आहे. शेवटचा स्वर बदलला तर कुणी झोपत नाही एवढी नुसती बातमी उरेल आणि आज्ञा नाहीशी होईल.

भविष्यकाळावर मी फार बोलणार नाही. ‘पार्लारो’ लिहिलेल्या प्रत्येकाने ‘पार्लेरो’ असं पानभर लिहून आणायचं. पहिल्या गटातला ‘आ’ भविष्यात ‘ए’ होतो, हीसुद्धा फ्लॉरेन्सचीच रीत.

‘एका स्वराने काय होतं?’ असं पुटपुटणाऱ्यांना आलेस्सान्द्रो मान्झोनी सांगते. हा मिलानचा माणूस. घरात मिलानची बोली, वाचन-लेखनात फ्रेंच. त्याची ‘प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी १८२७ मध्ये पूर्ण छापून झाली, लोकांनी डोक्यावर घेतली. दुसरा कुणी असता तर थांबला असता. हा त्याच वर्षी फ्लॉरेन्सला गेला, तिथलं जिवंत बोलणं ऐकलं आणि पुढची कित्येक वर्षं सबंध पुस्तकाची भाषा बदलत बसला. नवी आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात हप्त्यांनी निघाली. त्यात त्याने बदललेल्या गोष्टींमध्ये एक होती अपूर्ण भूतकाळातला ‘मी’. जुन्या ग्रंथांत ‘मी बोलत होतो’ आणि ‘तो बोलत होता’ दोन्हींना ‘पार्लावा’ लिहीत. फ्लॉरेन्सचे लोक बोलताना ‘मी’साठी ‘पार्लावो’ म्हणत. त्याने ‘आ’ काढून ‘ओ’ घातला, आणि आज तुमच्या पाठ्यपुस्तकात तोच ‘ओ’ आहे. नावाजलेला लेखक, यशस्वी पुस्तक, आणि तरी तो एकेक शेवट तपासत होता. तुम्हाला वीस ओळींचा निबंध देण्याआधी एकदा वाचून बघायला वेळ मिळत नाही?

‘समजलं ना त्यांना’ हे तुमचं आवडतं उत्तर. दुकानदाराला समजतं, कारण तुम्ही परके आहात हे त्याला दिसतं आणि उरलेलं वाक्य तो मनात पुरं करून घेतो. ते त्याचं सौजन्य आहे, तुमचं कर्तृत्व नाही. फोनवर चेहरा दिसत नाही. डॉक्टरला कोण झोपत नाही, तुम्ही की मूल, हे शेवटावरून कळतं. सिएना आणि पेरुज्याच्या विदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या परीक्षांमध्ये तुमचा चेहरा बघून कुणी गुण देत नाही. तुमच्यापैकी जी लग्न होऊन तिकडे जाणार आहेत, त्यांना पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा झाला तर डिसेंबर २०१८ पासून बी-वन पातळीचं प्रमाणपत्र लागतं. तिथे ‘समजलं ना’ चालणार नाही.

मोबाइलवरच्या ॲपबद्दलही बोलते, कारण त्याच्या हिरव्या खुणा दाखवून तुम्ही माझ्याशी वाद घालता. ते तुमच्यापुढे चार पर्याय ठेवतं आणि तुम्ही त्यांतला बरोबर ओळखता. ओळखणं वेगळं आणि तोंडातून काढणं वेगळं. पोस्टाच्या खिडकीवर कुणी चार पर्याय पुढे करत नाही. आणि ज्यांनी खरंच पाठ केलं आहे, त्यांनी फक्त ओळीने पाठ केलं आहे. ‘लोरो’चं, म्हणजे ‘ते’चं रूप विचारलं की ‘इयो’पासून धावत येतात, सात सक किती विचारल्यावर सात एके सातपासून सुरुवात करणाऱ्या पोरासारखे. मधलंच रूप विचारलं तर मधलंच आलं पाहिजे, आणि विचार करायच्या आत.

म्हणून आता काय करायचं ते ऐका. रोज प्रत्येक गटातलं एक आणि ‘इस्क’वालं एक क्रियापद घ्या. मोठ्याने म्हणा, मनात म्हटलेलं धरणार नाही. आधी सरळ, मग उलट, मग घरातल्या कुणालाही हातात कागद देऊन कुठलंही सर्वनाम विचारायला सांगा. त्यांना इटालियन यायची गरज नाही, कागद वाचता आला की पुरे. दुसऱ्या दिवशी तीच क्रियापदं वाक्यात घाला, पण ‘इयो’ न वापरता. शेवटचा स्वर भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे इतका स्पष्ट.

सोमवारी तोंडी परीक्षा घेईन. क्रमाने विचारणार नाही. ‘कापीरे’चा ‘वोई’, ‘पागारे’चा ‘तू’, ‘लेज्जेरे’चा ‘लोरो’, ‘स्कूझारे’ची आदरार्थी आज्ञा, असं कुठूनही येईल. जो अडेल तो पुन्हा सोमवारी येईल, आणि सगळे पार होईपर्यंत कॉन्जुन्तीवोचं पान उघडलं जाणार नाही. आता या, एकेकाने येऊन पेपर घेऊन जा. गुण बघायच्या आधी लाल शाईने जिथे जिथे शेवट गोल केला आहे, ते सगळे शेवट मोजा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.